थंड किनाऱ्यावरचा मांडव आणि मण्यातला आंबटपणा

मांडवाखाली (तासगाव तालुका), ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. फळछाटणी उरकली, पेस्ट लावून झाली. डोळे फुगायला अजून आठवडाभर आहे, तेवढ्यात हे लिहून टाकतो.

गेल्या वर्षी या दिवसांत मी इथं नव्हतो. छाटणी आबांनी एकट्यानं ओढली. मी स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसियात, काम्बादोस गावाजवळच्या एका लहान वाईनरीत सुगीच्या कामाला होतो. त्या पट्ट्याला रियास बायशास म्हणतात. रिया म्हणजे जमिनीत लांबवर शिरलेला समुद्र, आपल्या कोकणातल्या खाडीसारखा. १९८८ साली त्या भागाच्या नावानं वाईन विकायला कायद्यानं मान्यता मिळाली. जात जवळजवळ एकच, अल्बारिन्यो. पांढरी, बारीक मण्याची, जाड सालीची.

पहिल्या सकाळी बागेत शिरलो आणि थबकलोच. समोर मांडव! युरोपातल्या बागा म्हणजे कमरेएवढ्या वेलींच्या सरळ ओळी, असंच आजवर फोटोत बघितलेलं. इथं डोक्यावर तारांचं जाळं, त्यावर वेल पसरलेला, खाली घड लोंबतायत. लोखंडी अँगलच्या जागी ग्रॅनाइटचे खांब, माझ्या डोक्याच्या थोडे वर, दगडफुलानं राखाडी झालेले. एका कोपऱ्यात मांडवाखालीच बटाटे आणि कोबी. क्षणभर वाटलं सावळजच्या रस्त्याला कुणाच्या तरी बागेत उभा आहे.

मांडव सारखा असला तरी कारण उलटं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. आपण मांडव घालतो तो घडाला ऊन लागू नये म्हणून. त्यांनी घातला तो ओल टाळायला. तिकडं वर्षाला सोळाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. हिवाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी, पण पूर्ण उघडीप अशी नाहीच. वर समुद्रावरून ओली हवा. वेल जमिनीपासून उचलला की खालून वारा खेळतो, पानं लवकर सुकतात, डाऊनी बुरशी आटोक्यात राहते. फवारणीला त्यांच्याकडं शब्दच 'सुल्फातार', म्हणजे मोरचूद मारणं. खांबांवर बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचे, निळे डाग बघून मला घरच आठवलं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगतो. तोडणीच्या आदल्या दिवशी तिथं वाईन करणाऱ्या बाईंनी मला सोबत नेलं. बागभर फिरून दोनशे मणी गोळा केले, घडाच्या खांद्यावरचा एक, शेंड्याचा एक, उन्हातला एक, सावलीतला एक. पिशवीतच चुरले. मी सवयीनं गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. साडेएकवीस ब्रिक्स (गोडीचं माप). म्हटलं झालं, तोडा. बाई म्हणाल्या, गोडी कळली, आंबट किती ते बघू. मोजलं तर पीएच ३.२ (हा आकडा जितका खाली तितकं आंबट जास्त), आम्ल लिटरला साडेआठ ग्रॅम. मग मला एक मणी दिला. साल चावायला लावली, बी तळहातावर काढून बघायला लावली, हिरवी आहे की तपकिरी झाली. आधी गोडीनं तोंड भरलं आणि मागोमाग कैरी खाल्ल्यासारखं जबड्याच्या कडांना पाणी सुटलं. दोन्ही एकाच मण्यात, दोन्ही पुरेपूर. वीस वर्षं द्राक्षात आहे, असा मणी मी कधी चाखला नव्हता.

आपल्याकडं आंबट गेलं की पिकलं. व्यापारी बागेत येतो तो गोडी बघायला, आपणही तीच बघत वाढलो. पण थंड किनारा वाईनला जे देतो ते हे, गोडी चढत असताना आंबट न सोडणारा मणी. गोडी काय, ऊन असलं की कुठंही भरते. आंबट कसं टिकतं ते पुढं लिहितो. कुणाला वाचायचंय का ते सांगा.

---

बेदाणा_शेड (कवठेमहांकाळ)

वाचायचंय म्हणजे काय दादा, लिहाच. एक शंका हाय. समुद्रकाठ म्हणताय तर आपलं रत्नागिरी, वेंगुर्लं समुद्रकाठच की. घाट उतरला की दोन-तीन तासांत समुद्र. मग तिथं द्राक्ष का न्हाई? माझ्या मेव्हण्यानं देवगडला परसात चार वेल लावले होते. पानं हिरवीगार, घड एक न्हाई.

---

मांडवाखाली

तुमच्या मेव्हण्यांच्या चार वेलींतच उत्तर आहे. किनारा असून भागत नाही, पाणी थंड लागतं. गालिसियात उन्हाळ्यात उत्तरेकडून वारा सुटतो. तो वरचं कोमट पाणी समुद्रात आत ढकलतो आणि त्याची जागा घ्यायला तळातलं गार पाणी वर येतं. ऑगस्टात सुद्धा मला गुडघ्याच्या वर आत जाववलं नाही. त्या पाण्यावरून आलेली हवा बागेला थंड ठेवते. तळातलं पाणी खनिजंही वर आणतं, म्हणून त्याच खाड्यांत लाकडी तराफ्यांना दोर बांधून शिंपल्यांची शेती चालते. बागेतून खाली बघितलं की पाण्यावर तराफेच तराफे. एकाच पाण्यावर दोन्ही शेत्या जगतात.

जगात जिथं जिथं थंड किनाऱ्याची वाईन होते तिथं साधारण हीच गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला थंड प्रवाह आणि त्यानं उठणारं धुकं. चिलीच्या किनाऱ्याला हम्बोल्ट प्रवाह. तिथल्या कासाब्लांका खोऱ्यात १९८२ च्या सुमारास पहिल्या बागा लागल्या, तोवर ती जागा वाईनसाठी फार गार आहे असंच लोक धरून चालले होते. दक्षिण आफ्रिकेला बेंग्वेला प्रवाह.

आपला अरबी समुद्र सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचा. त्याच्यावरून येणारी हवा गार नाही, दमट येते. वेलीला विश्रांती नाही, काडी पक्व होत नाही, डोळ्यात घड तयार होत नाही. कोकणाला आंबा आहे, काजू आहे. द्राक्षासाठी घाटाच्या अलीकडचा आपला कोरडा पट्टाच बरा.

---

रसायनवाली (सांगली)

धागा फार आवडला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे आंबटपणाचं थोडं मी लिहिते. चुकलं तर मांडवाखाली दादा सांगतीलच.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन. टार्टारिक, चिंचेत असतं ते. आणि मॅलिक, हिरव्या सफरचंदातलं. मणी हिरवा कडक असतो तोवर दोन्ही भरपूर. रंग फिरला, मणी मऊ पडायला लागला, की वेल मॅलिक जाळायला लागते, म्हणजे श्वसनात वापरते. हवा जितकी गरम तितकं ते लवकर जळतं, रात्र उबदार असेल तर रात्रीसुद्धा जळत राहतं. टार्टारिक मात्र उन्हाला फारसं दाद देत नाही. त्यामुळे गरम मुलखातल्या मण्यात शेवटी टार्टारिकच उरतं आणि पीएच वर चढतो. थंड किनाऱ्यावर मॅलिकचा बराचसा साठा तोडणीपर्यंत शिल्लक राहतो.

उष्णता मोजायची एक जुनी पद्धत आहे, १९४४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अमेरिन आणि विंकलर यांनी मांडलेली. दिवसाच्या सरासरी तापमानातून १० अंश वजा करायचे, कारण त्याखाली वेल वाढत नाही, आणि उरलेल्याची हंगामभर बेरीज करायची. त्यांचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. बेरीज सेल्सिअसमध्ये १३९० च्या आत आली तर पहिला, सगळ्यात थंड वर्ग. २२२२ च्या वर गेली की पाचवा, सगळ्यात गरम. आता आपली बाग धरा. फळछाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण १५० दिवस, सरासरी २४ अंश धरली तर १४ गुणिले १५०, म्हणजे २१००. थंड किनारा सात महिन्यांत जेवढी ऊब गोळा करत नाही तेवढी आपण पाच महिन्यांत ओलांडतो. मग मॅलिक कसं राहणार?

---

मांडवाखाली

ताई, अगदी नेमकं. त्यात एक भर घालतो, कारण मला सगळ्यात जास्त टोचली ती हीच गोष्ट. तिथं मणी पिकत असतो तेव्हा दिवस लहान होत चाललेले असतात, रात्री गार पडत असतात. सप्टेंबर उतरणीचा महिना. आपल्याकडं डिसेंबरातली चांगली थंडी निघून जाते ती मणी ज्वारीएवढा, हरभऱ्याएवढा असताना. गोडी भरायची वेळ फेब्रुवारी-मार्च, आणि तेव्हा ऊन चढणीला. म्हणजे मण्याला थंडी हवी असते तेव्हाच आपण त्याला उन्हाच्या तोंडी देतो.

---

डोंगरवाट (वाई)

थंडीच हवी तर आमचं महाबळेश्वर आहे की. स्ट्रॉबेरी येते, मग वाईनचं द्राक्ष का नको? पाचगणीला जानेवारीत सकाळी दातावर दात वाजतात.

---

मांडवाखाली

हा प्रश्न मी तिकडून आल्यावर पहिल्यांदा आबांनाच विचारला. आबा म्हणाले, पावसाळ्यात कुठं ठेवणार वेल? तेच खरं आहे. स्ट्रॉबेरीचं रोप पाऊस संपताना लावायचं, उन्हाळ्यापर्यंत पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी नवं रोप. द्राक्षाची वेल पंधरा-वीस वर्षं एकाच जागी उभी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सगळा चार महिन्यांत. नेमक्या त्याच चार महिन्यांत खरड छाटणीनंतरची (उन्हाळ्यातली पहिली छाटणी) काडी पिकायची असते. पानच टिकलं नाही तर काडी कसली पिकणार? वाईकडं खाली उतरलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो, पण थंडीही उतरते.

डोंगराची थंडी आणि समुद्राची थंडी एक नव्हे, हेही मला तिकडंच समजलं. डोंगरावर दिवसा ऊन कडक, रात्री पारा एकदम खाली. समुद्रकाठी दिवसही मवाळ, रात्रही मवाळ. फार चढ नाही, फार उतार नाही. मणी सावकाश पिकतो. पन्नास-साठ दिवस एकाच चालीनं.

---

कृष्णाकाठ (पलूस)

मंडळी, मी या विषयावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण 'गोडी कळली, आंबट किती' हे वाक्य वाचलं आणि रात्री झोप लागली नाही.

२००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं. आमच्या पलूसला वाईन पार्क झालं, तिकडं नाशिकला विंचूरला. गावात बैठका झाल्या. मी दोन एकर थॉमसन, म्हणजे खायचं द्राक्ष, काढून शेनँ ब्लां हे वाईनचं द्राक्ष लावलं. एका कंपनीशी करार. नाव लिहीत नाही, ती आता नाहीही. कराराच्या कागदावर एकच आकडा होता, बावीस ब्रिक्स. त्याच्या खाली माल घेणार नाही. वर गेला तर भाव जास्त.

आता सांगा, आम्ही काय करणार? एकोणीसला मणी होता तेव्हा चव अशी होती की माझी आई म्हणायची, ह्याचं लोणचं घाला. आम्ही थांबलो. वीस, एकवीस. मार्चचं ऊन. बावीस भरेपर्यंत मणी मऊ, चव गेलेली, पाखरं पडलेली. तो माल आम्ही गाडीत भरायचो आणि मला आठवतं, तिथला एक पोरगा पोत्यातून पांढरी पावडर टाकीत ओतायचा. विचारलं तर म्हणाला, टार्टारिक, आंबट कमी पडतंय. जे वेलीनं फुकट दिलं होतं ते आम्ही उन्हात घालवलं आणि त्यांनी पैसे देऊन परत ओतलं.

२००९ च्या सुमारास कंपनीनं माल उचलणं थांबवलं. एका वर्षाचे पैसे अजून यायचे आहेत, ते येणार नाहीत. वाईनचं द्राक्ष बाजारात कोण घेणार? बारीक मणी, आत बिया. खायला कुणी घेत नाही, बेदाणा करावा तर बी दाताखाली येतं. कुऱ्हाड लावली. बांधाकडच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या, कारण सौ. म्हणाली राहू द्या. त्या अजून आहेत. पोपट खातात.

---

बेदाणा_शेड

अण्णा, वाचून वाईट वाटलं. माझ्या चुलत्यांनी पण त्या काळात शिराज, वाईनचंच द्राक्ष, लावलं होतं. आमच्याकडं त्याचं कुणी नाव काढत न्हाई.

मांडवाखाली दादा, तिकडं गंधक वापरतात का? आम्ही बेदाण्याला माल पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमधून काढतो, मग सोनेरी रंगासाठी गंधकाची धुरी देतो. वाईनला पण तसलंच काय असतं असं ऐकलंय.

---

मांडवाखाली

कृष्णाकाठ अण्णा, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. ते पांढऱ्या पावडरीचं वाचून मी आबांना फोन केला. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

बेदाणा_शेड, गंधक असतं, आणि काम तुमच्या धुरीसारखंच. काळं पडू द्यायचं नाही, नको ते जंतू वाढू द्यायचे नाहीत. फक्त तिथं धुरी नसते, पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची भुकटी मोजून रसात घालतात. आणि इथंच आंबटपणाचा आणखी एक उपयोग. पीएच जितका खाली तितकं तेवढंच गंधक जास्त काम करतं. ३.२ च्या रसाला चिमूटभर पुरतं, ३.८ च्या रसाला त्याच्या कितीतरी पट घालावं लागतं. चवीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी आंबट मणी स्वतःची राखण स्वतः करतो.

बाकी काम थोडक्यात सांगतो. माल वीस किलोच्या क्रेटमध्ये येतो, म्हणजे खालचा घड चेंगरत नाही. हवेनं फुगणाऱ्या पिशवीच्या प्रेसमध्ये हळूहळू दाबतात. पहिला रस आपोआप गळतो तो वेगळा. रस एक-दोन दिवस गार ठेवून गाळ खाली बसू देतात आणि मग पंधरा-सोळा अंशांवर आंबवण चालतं, दोन-तीन आठवडे. टाकीला गार पाण्याचं जाकीट असतं. यीस्ट काम करायला लागलं की टाकी तापते, आणि तापली की वास उडून जातो. रात्री दोनला उठून टाकीचा आकडा बघायचं काम माझं होतं. टाकीच्या झडपेशी कान नेला की आत बुडबुड्यांचा आवाज, भाकरीच्या पिठासारखा वास. शेवटी खाली बसलेल्या यीस्टच्या साक्यावर वाईन महिनोन्महिने ठेवतात, त्यानं तिला अंग येतं.

फार गार साल असलं, आंबट अति झालं, तर जिवाणूंकडून मॅलिकचं लॅक्टिक करून घेतात, म्हणजे ताकातलं आम्ल. थोड्या टाक्यांपुरतंच. त्यांना आंबट कमी करायची चिंता, आपल्याला वाढवायची.

आपण काय करायचं याबद्दल माझं मत. अल्बारिन्यो किंवा पिनो न्वारसारखी थंड मुलखातली जात आणून तासगावात लावायचा नाद करू नये. ती माणसं त्यांच्या समुद्राशी शेकडो वर्षं जुळवून घेत आलीत. आपल्या उन्हात आम्ल धरून ठेवणारी जात म्हणजे शेनँ ब्लां, ती नाशिकनं सिद्ध केली आहे. बुडबुड्यांच्या वाईनसाठी तर अठरा-एकोणिसालाच तोडतात. म्हणजे अण्णांच्या आईला जो मणी लोणच्याचा वाटला होता, तोच खरा तोडायचा मणी होता. करारात ब्रिक्सच्या शेजारी आम्लाचा आकडा हवा. तो नसेल तर सही करू नये.

---

डोंगरवाट

मग घरी एखादा कॅन करून बघायला काय हरकत आहे?

---

मांडवाखाली

परवान्याशिवाय घरी वाईन करणं आपल्या राज्यात गुन्हा आहे, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. ते नकोच. रस मोजायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. तेवढं करू या.

---

रसायनवाली, फेब्रुवारी

धागा वर काढतेय, कारण सांगायला काहीतरी आहे.

कृष्णाकाठ अण्णांना मी जानेवारीत निरोप पाठवला होता की तुमच्या बांधाकडच्या दोन ओळींचे मणी मला द्या. त्यांनी पोपटांपासून वाचवायला घडांना जुन्या साडीचे तुकडे बांधले. पाच तारखेला सकाळी त्यांचा मुलगा डबा घेऊन कॉलेजवर आला. दोनशे मणी, वेगवेगळ्या वेलींवरचे, अगदी दादांनी लिहिलं होतं तसे.

रस गाळून १० मिली घेतला, थोडं पाणी, फेनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. मुलीच थेंब सोडत होत्या. गुलाबी रंग येतो आणि जातो, येतो आणि जातो. बरोबर १० मिलीला तो टिकला, म्हणजे तिथं रसातलं आम्ल संपलं. ०.७५ ने गुणलं की लिटरला साडेसात ग्रॅम. गोडी १८.५.

पंधरा तारखेला पुन्हा तसाच डबा. गोडी २१. रंग मात्र साडेसात मिलीलाच टिकला, म्हणजे लिटरला ५.६ ग्रॅम. मधल्या दहा दिवसांत दुपारचं ऊन तुम्ही सगळ्यांनी बघितलंच आहे. अडीच अंश गोडी मिळाली आणि पाव हिस्सा आम्ल गेलं. चाचणी एकाच बागेतली, दोनच वेळची आहे, यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण मुलींनी दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि मला क्षणभर बोलता आलं नाही.

---

कृष्णाकाठ

ताई, ते फळ्यावरचे आकडे मुलानं मोबाईलवर दाखवले. सौ.ला पण दाखवले. एवढी वर्षं मला वाटायचं माझ्या बागेतच काहीतरी कमी होतं. पाणी चुकलं असेल, खत चुकलं असेल, मी चुकलो असेन. पाच तारखेला माझ्या वेलीत साडेसात होतं.

आबांना नमस्कार सांगा मांडवाखाली. अजून एक ओळ शिल्लक आहे, तिच्या सावलीच्या बाजूला घड मागं आहेत. ते आणखी मोजता येतील का?

---

मांडवाखाली

येतील अण्णा. सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू वेगवेगळ्या डब्यात घेऊ. तिकडं सकाळच्या उन्हाच्या बाजूची पानं काढतात आणि दुपारच्या बाजूची ठेवतात, तो फरक आपल्याकडं किती पडतो ते मला बघायचंच आहे. शनिवारी येतो. आबाही येतो म्हणतायत.

---

कृष्णाकाठ

सहाला या. ऊन चढायच्या आत तोडू. चहा बांधावरच करतो.

---

रसायनवाली

मी ब्युरेट घेऊन येते. स्टँड ठेवायला एक सपाट फळी तेवढी काढून ठेवा.